डॉक्टर ‘आपला’ आहे, एवढ्यावर भागत नाही

कुर्बानीचा बकरा घ्यायला गेलेला आमचा माणूस आधी बकऱ्याचं तोंड उघडून दात बघतो. वय भरलंय का, पाय लंगडा तर नाही ना, कान फाटलेला नाही ना, सगळं तपासतो. पोराला दहावीचा क्लास लावायचा असेल तर चार घरी विचारतो, गेल्या वर्षीचा निकाल बघतो. आणि त्याच घरातल्या सुनेचं जोखमीचं बाळंतपण कुणाच्या हाती द्यायचं, हे ठरवताना दोनच प्रश्न विचारले जातात. डॉक्टर लेडी आहे का? आणि डॉक्टर आपला आहे का?

हे दोन प्रश्न चुकीचे नाहीत. पण काही बाळंतपणं अशी असतात की तिथे फक्त हे दोन प्रश्न विचारणं म्हणजे बाईच्या जिवाशी खेळ आहे. त्यातल्याच एका प्रकाराबद्दल मी लिहिते आहे. ज्या बाईच्या रक्तात गुठळ्या होण्याचा दोष आहे, तिच्या बाळंतपणाबद्दल.

आधी थोडं समजून घेऊ. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही, पण जे समजून घेतलं ते साध्या शब्दांत सांगू शकते. दिवस गेले की प्रत्येक बाईचं रक्त गोठण्याकडे थोडं जास्त झुकतं. बाळंतपणात रक्त वाहून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. त्यामुळे गरोदर बाईला गुठळीचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट जास्त असतो, तरी बहुतेकींना काही होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र आधीच दोष असतो. कुणाला तो जन्मापासून असतो. कुणाच्या शरीरात नको ती प्रतिद्रव्यं तयार होतात. या दुसऱ्या आजाराला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज या डॉक्टरांनी १९८३ मध्ये तो ओळखला. यात गुठळी पायाच्या शिरेत होते, तिथून फुप्फुसात जाऊ शकते, मेंदूतही होऊ शकते. वारेलाही इजा होते आणि पोटातल्या बाळाचं पोषण तुटतं. चांगलं वाढणारं मूल पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातच जातं. घरचे म्हणतात, ‘नजर लागली.’

आमच्या घरात हे झालं. माझ्या नणंदेच्या मुलीची दोन मुलं अशीच गेली, एक पाचव्या महिन्यात, दुसरं सहाव्या. दोन्ही वेळा दवाखाना तोच, डॉक्टर तीच. का तोच? लेडी डॉक्टर होती, घरापासून दहा मिनिटांवर होती, आणि सासूच्या ओळखीची होती. दुसऱ्या वेळेनंतर तिने सांगितलं, ‘तू तरुण आहेस, परत होईल.’ एक रक्ताची तपासणी लिहून दिली नाही. दहा आठवड्यांपुढचं नीट वाढलेलं एक मूल जरी कारण न सापडता पोटात गेलं, तरी या आजाराची तपासणी करावी, असा नियम डॉक्टरांच्याच पुस्तकात आहे. इथे दोन गेली होती.

पुढे तपासणी झाली ती घराबाहेरच्या एका फिजिशियनमुळे. एकदा दोष सापडला, मग बारा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, कारण एकाच तपासणीवर हे निदान पक्कं करत नाहीत. मग तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि घरात बैठक बसली. सासू, सासरे, नवरा, दीर, दोन खाला आणि शेजारचे एक हाजीसाहेब. डॉक्टर कोण, यावर सगळे बोलत होते. ती चहा देत होती. मी तिला स्वयंपाकघरात विचारलं, ‘तुझी फाइल कुठे आहे?’ ती म्हणाली, ‘मुमानी, फाइल तो सास के पास है. मैंने कभी पढी नहीं.’ पोरगी बारावी झालेली आहे.

आता त्या दोन प्रश्नांकडे येते. पहिला, लेडी डॉक्टर.

बाईला बाई डॉक्टर मिळावी ही मागणी मी खाली पाडणार नाही. ती हक्काची मागणी आहे. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानात स्त्रियांच्या उपचारासाठी निधी उभा केला, तो पडद्यातल्या बायकांपर्यंत औषध पोचत नव्हतं म्हणूनच. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला रशीद जहाँ विसरता येत नाहीत. १९२९ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. १९३२ मध्ये आलेल्या ‘अंगारे’ या पुस्तकात त्यांची ‘पर्दे के पीछे’ ही एकांकिका आहे. एका खात्यापित्या घरातली बाई सततच्या बाळंतपणांनी शरीराची झालेली दैना दुसऱ्या बाईला सांगते. पुढच्याच वर्षी संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ओरड करणाऱ्यांत आपलेच लोक पुढे होते. त्या लेखिकेला हवं होतं ते एवढंच की पडद्यामागची बाई जगावी. आपण पडदा ठेवला आणि जगण्याचा भाग विसरलो.

गुठळीच्या दोषाचं बाळंतपण एका डॉक्टरचं काम नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ लागते, रक्तविकारांचा तज्ज्ञ किंवा अनुभवी फिजिशियन लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, बालरोगतज्ज्ञ लागतो. रात्री तीन वाजता भूल द्यायला येणारा पुरुष असेल. मग काय करणार? गरज असेल तिथे पुरुष डॉक्टरकडून उपचार घ्यायला उलेमा परवानगी देतात, हे मोहल्ल्यातल्या कुठल्याही जाणत्या मौलानांना विचारा. अडचण शरीयतची नाहीच. अडचण ‘लोक काय म्हणतील’ची आहे आणि तिला आपण शरीयतचं नाव देतो.

दुसरा प्रश्न, डॉक्टर आपला आहे का.

आमच्या वस्तीत बी.यू.एम.एस. झालेले डॉक्टर आहेत. रात्री दोन वाजता दार उघडतात, पैसे उधार ठेवतात, घरच्यांसारखी चौकशी करतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तापाला, खोकल्याला मीही त्यांच्याकडेच जाते. पण रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनवर असलेल्या गरोदर बाईला सांभाळणं हे त्यांचं शिक्षण नाही. आपल्या छोट्या नर्सिंग होमचंही ते काम नाही, मग पाटीवरचं नाव शेख असो, पाटील असो की शहा. खरा आपला डॉक्टर तो, जो पहिल्याच भेटीत म्हणतो, ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, मी चिठ्ठी देतो, तिकडे जा.’ ‘मैं हूँ ना’ म्हणून पेशंट धरून ठेवणारा आपला नव्हे.

इथे माझ्या मराठी वाचकांनी, त्यातल्या डॉक्टरांनी विशेषतः, थोडं कडू ऐकावं. आमचे लोक ‘आपला’ डॉक्टर का शोधतात? कारण मोठ्या दवाखान्यात बुरखा दिसला की ‘तुम्हा लोकांना अजून किती पोरं पाहिजेत?’ हे वाक्य येतं. मी हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते त्या पोरीला उद्देशून होतं, जिचं एकही मूल जिवंत नव्हतं. म्हणणाऱ्या बाई एका दवाखान्यातल्या कर्मचारी होत्या, आणि शेजारी उभी असलेली शिकाऊ डॉक्टर हसली होती. ही पोरगी परत त्या दवाखान्यात जायला तयार नव्हती. तिला समजावायला आठ दिवस गेले. गुठळीच्या आजारात आठ दिवस म्हणजे काय, हे डॉक्टरांना मी सांगायला नको. तुमची एक टिंगल बाईला अपुऱ्या दवाखान्याकडे परत ढकलते. याचा हिशेब कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

पण दुसऱ्याच्या उद्धटपणाची शिक्षा आपण आपल्याच सुनेला का द्यायची? अपमान झाला तर तक्रार करा, सोबत चार माणसं न्या, अधीक्षकांना लेखी द्या. दवाखाना सोडणं हे उत्तर नाही. मिरजेसारख्या गावात तर मुळीच नाही. वॉन्लेस साहेबांच्या काळापासून इथे कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे. आपण मात्र स्टेशनवरून उतरून जवळचा ‘आपला’ शोधत गल्लीत शिरतो.

आता त्या विषयाकडे येते, ज्यावर आमच्यात कुजबुज होते आणि उघड कुणी बोलत नाही. इंजेक्शन.

या आजारात गरोदर बाईला बहुधा कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपरिनचं इंजेक्शन देतात. हे इंजेक्शन रोज, पोटावर, महिनोन् महिने घ्यावं लागतं. हेपरिनच का? कारण ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वॉरफेरिनसारख्या गोळ्या बाळापर्यंत जातात आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात व्यंग आणू शकतात. म्हणून आधीपासून अशा गोळ्या चालू असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं असतं. पाळी चुकली तर त्याच दिवशी फोन करायचा असतो. मनानेच गोळी बंद करायची नसते.

आणि हो, हेपरिन बहुतेक वेळा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. नवऱ्याच्या एका मित्राने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला आणि आमच्या घरात तीन दिवस सुई बंद झाली. कुणी डॉक्टरला विचारलं नाही. कुणी मौलानांनाही विचारलं नाही! व्हिडिओ हाच मुफ्ती झाला.

मी मौलानांकडे गेले. त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘डॉक्टर काय म्हणतात? याच्या जागी दुसरं चालेल का?’ मी सांगितलं, ‘फोंडापॅरिनक्स नावाचं एक इंजेक्शन प्रयोगशाळेत बनतं, त्यात जनावराचं काही नसतं. पण गरोदरपणात त्याचा अनुभव हेपरिनच्या मानाने कमी आहे, म्हणून हिच्यासाठी डॉक्टर हेपरिनच म्हणतात.’ ते म्हणाले, ‘मग घ्या. आज रात्रीच घ्या.’ सूरह बकराच्या १७३व्या आयतीत नाइलाजाने हराम वस्तू घ्यावी लागलेल्या माणसाला सवलत आहे, हे मदरशात जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. त्याहून नेमकी गोष्ट सांगते. मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगची इस्लामी फिक्ह परिषद आहे. तिने डिसेंबर २००३ च्या बैठकीत खास याच नव्या हेपरिनवर निर्णय दिला. तेवढाच गुण देणारा हलाल पर्याय नसेल तर ते वापरता येईल, गरजेपुरतंच वापरावं, पर्याय मिळाला की तो घ्यावा. म्हणजे ज्या प्रश्नावर आपण आज घरात भांडतो, त्याचं उत्तर मक्केतून येऊन दोन दशकं झाली. आणि आपल्याकडे बाईची सुई एका फॉरवर्डवर थांबते. याला परहेजगारी म्हणत नाहीत. उंट बांधून मग अल्लाहवर भरोसा ठेवायची शिकवण आपली आहे. आपण उंट सोडून देतो आणि त्याला तवक्कुल म्हणतो.

दोन रिवाजांबद्दलही बोललं पाहिजे. पहिला, बाळंतपणाला माहेरी पाठवण्याचा. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते. माया म्हणून ते चांगलंच आहे. पण त्याबरोबर डॉक्टर बदलतो, फाइल अर्धी सासरी राहते आणि नवीन डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारतो. साध्या बाळंतपणात हे निभतं. या आजारात सातवा महिना म्हणजे पळतीच्या गाडीचा ड्रायव्हर बदलण्याची वेळ नव्हे. माहेरी जायचंच असेल तर पहिल्या महिन्यातच ठरवा आणि पहिल्यापासून तिथलाच डॉक्टर धरा.

दुसरा, चाळीस दिवसांचा चिल्ला. बाळ झालं, सुटलो, असं आपण समजतो. पण गुठळीचा धोका सगळ्यात जास्त बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत असतो. आपला चिल्ला आणि डॉक्टरांचे सहा आठवडे जवळपास एकच आहेत. आपण त्या दिवसांत काय करतो? बाळंतिणीला खाटेवरून उठू देत नाही, पाणी मोजून देतो आणि ‘आता कशाला सुई’ म्हणून इंजेक्शन बंद करतो. तीनही गोष्टी उलट्या. तिने हळूहळू चाललं पाहिजे, पाणी भरपूर प्यायलं पाहिजे आणि डॉक्टरने सांगितलं असेल तेवढे दिवस सुई चालू राहिली पाहिजे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी डोकं धरून ओरडायला लागली, मग झटके आले. घरच्यांनी साया झाला म्हणून तीन दिवस झाडफूक केली, तावीज बांधले. सरकारी दवाखान्यात स्कॅन झालं तेव्हा मेंदूतली शीर गुठळीने बंद झालेली निघाली. फार उशीर झाला होता. तो मुलगा आज सहावीत आहे. भारतातले डॉक्टर बाळंतिणींच्या या आजाराबद्दल कित्येक वर्षं लिहीत आले आहेत. म्हणून सांगते, एक पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, छातीत कळ आली, कधी नव्हे असं डोकं दुखलं, फीट आली, तर १०८ ला फोन करा. आमिलाला नंतर.

मग डॉक्टर निवडायचा कसा? भाव करायला जावं तसं थेट विचारायचं. रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनवर असलेल्या बायकांची बाळंतपणं तुम्ही केली आहेत का? रक्ताचा डॉक्टर कोण आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता का? रात्री कळा सुरू झाल्या तर इथे भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? रक्तपेढी, आयसीयू आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का? तुम्ही रजेवर असाल तेव्हा कोण बघणार? बाळंतपणानंतर सुई किती दिवस?

यातला वेळेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रतिबंधक डोस असेल तर शेवटच्या सुईनंतर किमान १२ तास आणि पूर्ण डोस असेल तर २४ तास गेल्याशिवाय पाठीतून भूल देत नाहीत, नाहीतर मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कळा सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढची सुई टोचायची नाही, दवाखाना गाठायचा. हे सगळं सातव्या महिन्यातच कागदावर लिहून द्या, असं डॉक्टरला सांगा. जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो, ‘मी हजार बाळंतपणं केली आहेत’ म्हणतो, त्याला सलाम करून उठा. हजार बाळंतपणं म्हणजे या आजाराची हजार नव्हेत.

उलट्या टोकाचेही डॉक्टर आहेत. पहिलाच गर्भपात झाला की वीस तपासण्या आणि नऊ महिन्यांची इंजेक्शनं लिहून देतात. महिन्याचा खर्च काही हजारांत जातो, बाईचं पोट निळं पडतं. जन्मजात दोष असलेल्या आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांना हेपरिन देऊन जिवंत मुलांचं प्रमाण वाढलं नाही, असं ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ ला छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणजे चांगला डॉक्टर तोही, जो पुरावा बघून ‘तुला सुईची गरज नाही’ असं सांगतो. सुई लिहून देणारा मोठा आणि न देणारा छोटा, असं नसतं.

पैशाचं म्हणाल, तर सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून गरोदर बाईला तपासण्या, औषधं, सिझर, रक्त आणि वाहन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लावतात. ती खूण बदनामी नाही, तो हक्काचा पास आहे. गर्दी असते, खेकसणं असतं, ते मी नाकारत नाही. पण रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू एका छताखाली चोवीस तास असतात, आणि ते संगमरवरी फरशीपेक्षा महत्त्वाचं आहे.

माझ्या नणंदेच्या मुलीला शेवटी अशाच मोठ्या दवाखान्यात सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. तिला तपासणारी स्त्रीरोगतज्ज्ञ लेडी होती, रक्ताचे डॉक्टर पुरुष होते, भूल देणारा पुरुष होता. त्यातलं कुणीही ‘आपलं’ नव्हतं. चाळीस दिवस सुई तिने स्वतःच्या हाताने घेतली.

मशिदीच्या कमिट्यांना माझी मागणी आहे की जुम्याच्या बयानात एकदा तरी हा विषय घ्या. हेपरिनवरचा निर्णय मराठीत आणि उर्दूत छापून लावा. सासूबाईंना विनंती आहे, फाइल कपाटातून काढा. नवऱ्यांना विनंती नाही, सांगणं आहे. डॉक्टरसमोर तुम्ही कमी बोला, तिला बोलू द्या. आणि पुढच्या वेळी घरात अशी बैठक बसली, तर चहा दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. जिचं बाळंतपण आहे तिला मधोमध बसवा, फाइल तिच्या हातात द्या आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्या.